मा. 'काही काळजी करू नका' यांस

प्रति,
मा. श्री. 'काही काळजी करू नका',
मुक्काम दवाखान्याचं टेबल, चिठ्ठ्यांच्या पॅडशेजारी.

सा. न. वि. वि.

पत्र बऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यातून लिहितो आहे. आमच्या गावात मोहल्ल्यांना वारांची नावं आहेत: इतवारा, बुधवारा, शनवारा. आपण मात्र एका वाराला बांधलेले नाही. सातही वार, सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळ आपण हजर. ज्याला मराठी येत नाही त्याच्याकडे 'टेंशन नहीं लेने का' असा वेश बदलून जाता, पण चाल ओळखू येते.

आपली ओळख तशी जुनी. लहानपणी गोवरात भेटलात, वडिलांच्या मूतखड्यात भेटलात, बहिणीच्या बाळंतपणात तर दोनदा भेटलात. त्या वेळी पत्र लिहावं असं वाटलं नाही. मागल्या फाल्गुनात मात्र आपण जे केलंत त्याची पोच द्यायलाच हवी.

आईला चक्कर येत होती म्हणून शहरातल्या एका दवाखान्यात नेलं. आमचा नंबर 43. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला, 170 वर 100 असं स्वतःशीच पुटपुटले आणि लिहू लागले. आईनं रिक्षात बसल्यापासून एक प्रश्न घोळवून ठेवला होता. भीत भीत म्हणाली, "साहेब, ही गोळी किती दिवस घ्यायची?" डॉक्टरांनी मान वर केली नाही. उत्तर द्यायला आपणच पुढे सरसावलात. "मावशी, काही काळजी करू नका." बेल वाजली. 44 नंबर आत आला.

आता माझी आई पडली शब्दाला जागणारी बाई. महिन्याभराच्या गोळ्या तिनं नेमानं घेतल्या. पाकीट संपलं, चक्करही थांबलेली, तेव्हा तिनं विषय मिटवला. मी विचारलं तर म्हणाली, "डॉक्टरच म्हणाले ना, काळजी करू नका म्हणून?" आणि तिनं ती केली नाही. इतकं तंतोतंत पथ्य आमच्या घरात कुणी कधी पाळलेलं नाही. चार महिन्यांनी, आषाढात, जेवताना तिच्या उजव्या हातातून वाटी सुटली. बोलायला गेली तर जीभ जड. दुसऱ्या इस्पितळात पट्टा बांधला तेव्हा आकडा 210 वर 120 होता. तासाभरात हात परत आला, बोलणं आलं. तिथली तरुण डॉक्टरीण खुर्ची ओढून आईजवळ बसली आणि म्हणाली, "आजी, बीपी दुखत नाही म्हणून कळत नाही. गोळी घेताय तोवर ते खाली राहतं, सोडली की चढतं. गोळी कायमची आहे." आई म्हणाली, "असं होय! मग आधी का नाही सांगितलं?"

हा प्रश्न मी आपल्याकडे पाठवतो आहे.

आपलं खानदान मोठं आहे याची मला कल्पना आहे. थोरले बंधू 'डॉक्टर तुम्ही की मी?' जरा तापट. चुलते 'गूगल बघून आलात का?' हल्लीच पेशात शिरलेत. 'साधा व्हायरल आहे', 'गॅस आहे', 'वयामानानं असं व्हायचंच' ही सगळी सोयरीक. त्या सगळ्यांत आपण गोड. म्हणूनच आपल्यावर कुणी तक्रार करत नाही. बंधूंनी हाकललं तर माणूस निदान चिडून दुसऱ्या दवाखान्यात तरी जातो. आपण हाकललं तर तो नमस्कार करून बाहेर पडतो.

आपल्या बाजूनं एक गोष्ट कबूल करायला हवी, वेळ कुठे आहे? 2017 साली 'बीएमजे ओपन' या नियतकालिकात 67 देशांचा हिशेब छापून आला: डॉक्टर एका रुग्णाला किती वेळ देतो. बांगलादेशात 48 सेकंद, स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं. आपला देश दोन मिनिटांच्या आसपास. बाहेर बाकावर साठ माणसं बसलेली असताना समोरच्याला रक्तदाब समजावत बसणं सोपं नाही. डॉक्टरला मी दोष देत नाही, म्हणून तर पत्र आपल्या नावे आहे. पण डॉक्टरीणबाईंची ती तीन वाक्यं मी नंतर घड्याळ लावून म्हणून पाहिली. बारा सेकंद लागले. आपल्याला दोन लागतात. दहा सेकंदांची बचत, आणि तिच्या पोटी माझ्या आईचा उजवा हात.

भाषेचंही निमित्त आपण पुढे कराल. बाकावर शहापूरचा केळीवाला पाटील, खकनारहून आलेली कोरकू बाई, लूमवरचा अन्सारी, आणि आमच्यासारखी घरात मराठी, दारात हिंदी बोलणारी माणसं. आई 'जीव घाबरा होतो' म्हणते, त्याचं कागदावर काय होतं ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. पण भाषेवर तर आमच्या राज्यानं जालीम इलाज केला आहे. 16 ऑक्टोबर 2022 रोजी भोपाळला एमबीबीएसची हिंदी पुस्तकं थाटात बाहेर आली. तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी डॉक्टरांना सुचवलं की चिठ्ठीवर वर 'श्री हरि' लिहा आणि खाली औषधं हिंदीत लिहा. लगेच एका डॉक्टरानं तशी चिठ्ठी लिहिलीसुद्धा, तिचे फोटो देशभर फिरले. श्री हरींची सोय झाली. रुग्णाशी कोणत्या भाषेत, किती बोलायचं, ते राहिलं.

बरं, लोकांचे प्रश्न तरी काय असतात? कुणी आपल्याला जनुकशास्त्र विचारत नाही. सूतगिरणीत, कापसाच्या धुळीत काम केलेला माणूस विचारतो, "सुट्टीनंतर कामावर गेलो की पहिल्याच दिवशी छाती का आवळते? मग दोन दिवसांत बरं का वाटतं?" यावर आपण पुढे होता, खोकल्याची बाटली मिळते. खरं तर त्यानं आपल्या रोगाचं पाठ्यपुस्तकातलं वर्णन केलेलं असतं. कापसाच्या धुळीनं होणारा हा बिसिनोसिस. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी जास्त जाणवतो म्हणून इंग्रजीत त्याला सोमवारचा ताप असंही म्हणत. (ज्याच्या कारखान्याला सुट्टी जुम्म्याची, त्याचा सोमवार शनिवारी येतो, एवढं बऱ्हाणपुरात ध्यानात ठेवायचं.) 1948 च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात हा आजार नोंदवलेला होता. म्हणजे सरकारला माहीत आहे, पुस्तकाला माहीत आहे, डॉक्टरला परीक्षेपुरता माहीत होता. ज्याची छाती आवळते त्याला मात्र वाटतं, सुट्टीच्या दिवशी जास्त जेवलो म्हणून झालं असेल.

आता आपल्या लाडक्या मित्राकडे वळतो. सलाईन. 'अशक्तपणा आहे, एक बाटली चढवू' हे आपलं दुसरं रूपच. काही न सांगता खूप काही केल्यासारखं दिसतं. खाट, सुई, स्टँड, थेंब थेंब, नातेवाईक गंभीर चेहऱ्यानं भोवती. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं, चहाच्या चमच्याला थोडं कमी. ग्लुकोजवाली पाच टक्क्यांची बाटली घेतली तर 25 ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे 85 च्या आसपास कॅलरी. एका मध्यम केळ्यात याहून थोड्या जास्तच असतात. साहेब, जिथे बघावं तिथे केळीच्या बागा असलेला हा जिल्हा. इथून ट्रकच्या ट्रक केळी भरून बाहेर जातात, आणि त्या भरणारा हमाल अशक्तपणा आला म्हणून पैसे मोजून हाताच्या शिरेतून एका केळ्याहून कमी काहीतरी घेतो! ज्याला पाणी पोटात ठरतच नाही, जो बेशुद्ध आहे, रक्तदाब कोसळलेला आहे, त्याचा जीव सलाईन वाचवतं, याबद्दल वाद नाही. जो चालत दवाखान्यात आला आणि चहा पिऊन आला, त्याच्याशी बोलायला हवं.

या बाबतीत आपला एक सणसणीत पराभव झालेला आहे. आपण तो विसरला असाल, म्हणून आठवण देतो. 1971 साल. बांगलादेशच्या लढाईतून पळालेले लाखो लोक सीमेवर, त्यांत पटकी पसरलेली. बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांच्याकडच्या सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात कालवून पिंपं भरली आणि ते पाणी पाजायचं काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवलं. आयांवर, बहिणींवर. आधी शंभरातले तीसेक दगावत होते. त्यांच्या देखरेखीखाली हे प्रमाण 3.6 टक्क्यांवर आलं. 1978 साली 'लॅन्सेट'नं लिहिलं की या शतकातला हा बहुधा सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध असावा. शोधामागचं इंगित कुठल्याही आजीला सांगता येईल असं आहे: जुलाबात आतडं नुसतं पाणी धरत नाही, पण साखर आत जाताना मिठाला सोबत नेते आणि त्या दोघांमागून पाणी जातं. एक लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. मीठ याहून जास्त नको, ते घातक ठरतं. झालं. त्या छावणीत औषधाइतकंच काम सांगण्यानं केलं. महालनोबिसांना सरकारनं 2023 साली मरणोत्तर पद्मविभूषण दिलं. सलाईनच्या बाटलीला मात्र इथे रोजच मानपान मिळतो.

आणखी एक पराभव गडचिरोलीचा. डॉ. राणी बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या 650 बायकांना तपासलं. 92 टक्के बायकांना स्त्रीरोग होते, एकेकीला सरासरी 3.6. त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या फक्त 8 टक्के. 1989 साली हे 'लॅन्सेट'मध्ये आलं तेव्हा जगभरच्या तज्ज्ञांना धक्का बसला. गावातल्या बायकांना बसला नसावा, त्या तर वर्षानुवर्षं सोसतच होत्या. कुणी विचारलं नव्हतं, आणि ज्या थोड्या जणी धाडस करून बोलल्या असतील त्यांना आपण भेटला असाल. राणीताईंच्या पुस्तकाचं नावच 'कानोसा'. डॉक्टरच्या गळ्यात अडकवलेल्या नळीचं कामही तेच असतं, पण ती छातीपुरतीच वापरायची असा समज आपण करून दिलात. पुण्याचे डॉ. ह. वि. सरदेसाई आयुष्यभर मराठी वाचकांसाठी साध्या भाषेत आजारांवर लिहीत राहिले. डॉ. श्याम अष्टेकरांनी 'भारतवैद्यक' नावाचं जाडजूड पुस्तक मराठीत लिहिलं. याच पेशातली माणसं ही, दिवस चोवीस तासांचाच होता त्यांचाही.

आपण गप्प बसवता तेव्हा माणूस गप्प बसत नाही, हे आपल्या ध्यानात आलेलं नाही. तो घरी जाऊन फोन काढतो. फोनमधले वैद्य आपल्या नेमके उलट. ते म्हणतात, 'भरपूर काळजी करा.' भेंडीचं पाणी प्या, साखर उतरते. कढीपत्ता चावा, हृदयाच्या नळ्या मोकळ्या होतात. बीपीच्या गोळीनं किडनी जाते, आजच बंद करा. हे शेवटचं वाक्य माझ्या मामांना सकाळी सव्वासहाला आलं आणि साडेसहापर्यंत त्यांनी ते आमच्या साऱ्या खानदानात वाटलं. उलट बीपी वाढू दिल्यानं किडनी जाऊ शकते, हे त्यांना दवाखान्यात कुणी सांगितलेलं नव्हतं. फोनमधल्या वैद्यांचा दवाखाना बंद नसतो, नंबर लागत नाही आणि ते रुग्णाकडे बघून बोलतात. खोटं का असेना, पूर्ण वाक्यात बोलतात. एरवी आपलं आणि त्यांचं वैर दिसतं, पण गिऱ्हाईक त्यांना आपणच पाठवता.

इथे जरा थट्टा थांबवतो. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आमच्याच राज्यात, छिंदवाडा जिल्ह्यात, खोकल्याचं औषध पिऊन वीसहून अधिक लहान मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन गेली. त्या औषधात 48.6 टक्के डायइथिलीन ग्लायकॉल निघालं, मर्यादा 0.1 टक्क्याची. विष औषधात गेलं तो गुन्हा कारखान्याचा आणि तपासणाऱ्यांचा. हाच पदार्थ ग्लिसरीनमधून शिरून 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 14 जण गेले होते, त्यावर न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला होता, म्हणजे हा गुन्हा नवा नाही. पण सर्दी-खोकल्यासाठी तान्ह्या पोराला बाटली लागतेच, हा समज कुणी रुजवला? 3 ऑक्टोबर 2025 रोजी केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं पुन्हा बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नयेत, आणि पाच वर्षांखालच्यांनाही सहसा नकोत. बालरोगतज्ज्ञांना हे आधीपासून ठाऊक होतं. मुलाचा साधा खोकला बहुधा एक-दोन आठवड्यांत आपोआप जातो, श्वास भरभर चालला, बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या किंवा पोर दूध प्यायचं थांबलं तर मात्र धावत या, हे सांगायला अर्धं मिनिट लागतं. बाटली लिहून आपल्याला पुढे करायला त्याहून कमी.

आमचं गाव तसं आपल्याला ओळखून आहे चारशे वर्षांपासून. 17 जून 1631 रोजी मुमताज महल इथे, बऱ्हाणपुरात, चौदाव्या बाळंतपणात गेली. रक्तस्राव थांबला नाही असं मानतात. पहिली कबर तापीपलीकडे झैनाबादेत, मग काही महिन्यांनी आग्र्याला. मग ताजमहाल. बादशहाच्या पदरी हकीम होते, पण बाळंतिणीचं किती रक्त गेलं हे मोजायचं साधन त्यांच्याकडे नव्हतं. पुढे कित्येक शतकं नव्हतंच, अंदाजानं चालायचं, आणि अंदाज नेहमी कमी निघायचा. 2023 साली केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या देशांतल्या 80 इस्पितळांत झालेल्या एका प्रयोगाचे निकाल आले. बाळंतिणीच्या अंगाखाली खुणा केलेली प्लास्टिकची पिशवीवजा चादर घालायची, रक्त त्यात साठतं, खुणेपर्यंत आलं की एकामागून एक नव्हे, सगळे उपाय एकदम सुरू करायचे. दोन लाखांहून जास्त बाळंतपणांचा हिशेब. जीवघेणा रक्तस्राव, त्यासाठीची शस्त्रक्रिया आणि मृत्यू मिळून 60 टक्क्यांनी कमी झाले. मी हे आईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे दूध मोजतात तसं." संशोधन लोकांना कळत नाही, हे आपलं ठेवणीतलं कारण. आईचं शिक्षण चौथी पास.

आपल्याला हद्दपार करायचा कायदा नाही, पण हद्द आखून दिलेली आहे. 2008 साली समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की उपचाराला संमती घ्यायची तर आजार काय, उपचार काय, धोके काय, दुसरा मार्ग आहे का, हे रुग्णाला समजेल असं आधी सांगायला हवं. रुग्णानं स्वतःचे कागद मागितले तर ते 72 तासांत द्यायचे, असा नियम 2002 पासून आहे. मागून बघा एकदा, आपले तापट बंधू हजर होतील.

तरी आपल्याला अगदी घालवून द्या असं मी म्हणणार नाही. त्या डॉक्टरीणबाई आईला सगळं सांगून झाल्यावर उठल्या, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "काही काळजी करू नका." मी दचकलोच. पण तिथे आपण शोभलात. आईलाही त्या रात्री झोप लागली. तेव्हा मागे उभं राहायला शिका, एवढीच विनंती. डॉक्टरांनाही एक विनंती: यांना आत घेताना जरा उशिरा घ्या.

कळावे. लोभ कमी असावा.

आपला,
नंबर 43 चा मुलगा,
इतवारा, बऱ्हाणपूर

ता. क. गेल्या आठवड्यात आईला तपासणीला नेलं. पदराच्या गाठीला चिठ्ठी, तिच्यावर तीन प्रश्न. पहिल्या दोहोंची उत्तरं मिळाली. तिसरा होता: उपासाच्या साबुदाण्यात सैंधव घातलं तर बीपीला चालतं का, कारण शेजारच्या काकू म्हणतात चालतं. उत्तर मिळालं की सैंधवही मीठच, तेवढंच मोजून घ्या. सगळं मिळून तीन मिनिटं दहा सेकंद लागली. बीपी 136 वर 84.